मनातले तळे आणि राहून गेलेला फोन

ध्यानाच्या सूचनांचे मराठीत भाषांतर करताना मी एका वाक्यापाशी हमखास अडखळते. ‘कल्पना करा, समोर एक शांत तळे आहे.’ मराठीत ‘ही नुसती कल्पना आहे’ म्हटले की ते खोटे ठरते. त्यात मी वाणिज्य शाखेची. जो व्यवहार झालाच नाही त्याची नोंद वहीत करायची नाही, हे आम्हाला सुरुवातीलाच शिकवतात. मग नसलेले तळे पाहून मिळालेली शांती खरी कशी मानायची?

साधकहो, आपल्या घरांत मानसपूजा जुनी आहे. अंथरुणाला खिळलेली आजी मनातल्या मनात फुले वाहते. ती फुले खोटी, असे तिला कोण सांगेल? शरीरही हा भेद करत नाही. चिंचेची नुसती आठवण काढा, तोंडाला पाणी सुटते. श्वासाचे तर आणखी सोपे आहे. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. म्हणून घेताना मनात चार मोजा, सोडताना सहा, आणि प्रत्येक उच्छ्वासासोबत तळ्यावरचे तरंग विरताना पाहा. श्वास ओढूनताणून घेऊ नका. काहींना मिटल्या डोळ्यांपुढे चित्र दिसतच नाही. त्यांनी फक्त श्वासाकडे लक्ष दिले तरी चालेल.

पण माझा प्रश्न यापुढचा आहे. गेल्या सत्रात कॉस्टिंगच्या पेपरात मी नापास झाले आणि घरी सांगितले नाही. बाबांचा फोन आला की पोटात गोळा यायचा. मी ध्यानाला बसायचे, दहा मिनिटांत तळे स्वच्छ. असे तीन आठवडे गेले. ध्यान उत्तम होत होते, अडचण तीच होती.

पतंजलींच्या योगसूत्रांत, पहिल्या पादात, मन प्रसन्न करण्याचे उपाय ओळीने येतात. 34व्या सूत्रात श्वास आहे, 39व्यात आपल्याला रुचेल त्याचे ध्यान. म्हणजे माझे तळेही त्यात बसते. मात्र 33वे सूत्र इतरांशी मैत्रीने, करुणेने वागण्याचे आहे. क्रमाचा अर्थ जाणकार सांगतील, मला तो क्रम झोंबला. श्वासाआधी माणसे होती आणि मी बाबांना गाळून थेट श्वासावर आले होते.

तुम्हीही कधी पाहा, तळे दिसायच्या आधी कोणाचा चेहरा येतो आणि आपण तो किती घाईने बाजूला सारतो.

त्या संध्याकाळी मी तो सारला नाही. तळ्याच्या जागी बाबांनाच बसवले, समोर ऐकत असलेले. छाती धडधडत होती. सहा मोजत श्वास सोडत राहिले. धडधड पूर्ण थांबली नाही, पण आवाज फुटेल इतकी कमी झाली. तशीच उठून फोन लावला. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “परत बसायची फी किती?”

मी आकडा सांगितला.