गिअरबॉक्स बदलल्यावर गाडी तीच राहते का

१९८४ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयमध्ये ‘०२०’ जातीचा पाच गिअरांचा मॅन्युअल गिअरबॉक्स असे. त्याचे क्राउन व्हील डिफरन्शियलला रिव्हेटांनी जडवलेले असते आणि हीच त्याची दुखरी जागा. जुनेपणाने एखादा रिव्हेट ढिला होऊन तुटतो. त्याचा तुकडा फिरत्या क्राउन व्हीलबरोबर हाउसिंगवर आपटत राहतो, अखेर हाउसिंगला भोक पडते आणि तेल वाहून जाते. मग मालकापुढे वाटा तीन. हाउसिंग शाबूत असेल तर तोच बॉक्स उघडून सिंक्रो रिंगा, बेअरिंगे बदलायची आणि रिव्हेटांच्या जागी बोल्ट घालायचे. नाहीतर त्याच कोडचा दुसरा ०२० शोधायचा. किंवा कोराडो जी-६० मध्ये असे तो अधिक दणकट ‘०२ए’ बसवायचा. यांपैकी कोणत्या वाटेने गेल्यावर ‘ही माझीच गाडी’ असे म्हणता येईल?

न्यायदर्शनाचे उत्तर सर्वांत कठोर आहे. नैयायिकांच्या मते अवयवी, म्हणजे अवयवांनी बनलेली अखंड वस्तू, हा अवयवांहून वेगळा पदार्थ असून तो अवयवांत समवाय म्हणजे अविभाज्य संबंधाने राहतो. वस्त्रातून काही धागे निघाले तर मूळ पट नष्ट होतो आणि उरलेल्या धाग्यांचा ‘खंडपट’ नव्याने उत्पन्न होतो. हा हिशेब लावला तर एक सिंक्रो रिंग बदलली तरी जुनी गाडी संपली. ‘तीच ही’ ही ओळख मग सारखेपणावर टिकलेली असते. दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असूनही आपण तिला तीच म्हणतो, तशी. सिद्धांत म्हणून यात कुठे फट नाही. पण तिन्ही वाटा सारख्याच ठरत असल्याने निवड करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, की ज्या रथातून तू आलास तो रथ म्हणजे आस का, चाके का, जू का? यांतले एकही रथ नव्हे, त्यांचा समुच्चयही नव्हे आणि त्यांच्यावेगळा रथही सापडत नाही. या सर्वांच्या आश्रयाने ‘रथ’ ही संज्ञा चालते, एवढेच. संज्ञा आश्रयाने चालत असेल, तर भाग कुठला यापेक्षा भाग एकमेकांना कसे धरून आहेत, याला अधिक वजन द्यायला हवे. नागसेन इतके पुढे जात नाही. पण गाडीच्या बाबतीत तसे मानणेच योग्य.

०२० मध्ये भाग एकमेकांना धरून असतात ती रचना ०२ए हून मुळातच वेगळी आहे. यात प्रेशर प्लेट क्रँकशाफ्टला बसते, फ्लायव्हील तिच्यावर, आणि क्लच सोडवणारी दांडी इनपुट शाफ्टच्या पोकळीतून आरपार जाते. गिअर पडतात ते रॉडांच्या जोडणीने. ०२ए मध्ये रॉडांची जागा केबल घेतात. क्लच, माउंट, ड्राइव्ह शाफ्ट सारेच बदलावे लागते. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना हाताला जो प्रतिसाद मिळत होता तो उरत नाही. म्हणून दुसऱ्या गोल्फमधून काढलेला ०२० परका असूनही गाडीचे गाडीपण राखतो; ०२ए ताकद देतो, पण संबंधांचे जाळेच पालटतो. इंजिन मूळचेच असेल, तर तोच बॉक्स दुरुस्त करणे किंवा त्याच कोडचा मिळवणे हीच रास्त निवड. इंजिन आधीच जास्त ताकदीचे बसवलेले असेल, तर ती रचना पूर्वीच मोडलेली असते. तेव्हा ०२ए टाळण्यात अर्थ नाही.

उरतो तत्त्वज्ञ थॉमस हॉब्सचा पेच. थीसियसच्या जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलत गेल्या आणि काढून टाकलेल्या जुन्या फळ्या जपून कोणी त्यांचे जहाज पुन्हा बांधले तर खरे कोणते, असे त्याने १६५५ च्या ग्रंथात विचारले. काढलेला ०२० दुरुस्त होऊन उद्या दुसऱ्या गोल्फमध्ये चढू शकतो. वरील विचाराने तो त्या दुसऱ्या गाडीचाच होतो, हाउसिंगवर कोरलेली कोडची अक्षरे पहिल्या गाडीच्या कागदांशी जुळत असली तरी.