सिराजला चेंडू कधी द्यायचा?

डिसेंबर 2020. ॲडलेडला ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताचा दुसरा डाव 36 धावांत गुंडाळला गेला. कसोटीत आपली एवढी दाणादाण त्याआधी कधी उडाली नव्हती. पत्नीच्या बाळंतपणासाठी कर्णधार विराट कोहली मायदेशी निघाला, गोलंदाज शमीचा हात मोडला, आणि उरलेला डोलारा सांभाळणं डोंबिवलीत वाढलेल्या उपकर्णधार अजिंक्य रहाणेच्या वाट्याला आलं.

मेलबर्नच्या कसोटीत मोहम्मद सिराज पदार्पण करत होता. हैदराबादच्या रिक्षावाल्याचा हा मुलगा. वडील नोव्हेंबरमध्येच वारले होते आणि अंत्यदर्शनालाही न जाता तो संघासोबत थांबला होता. असा पेटलेला पोरगा हाताशी असला की कुठल्याही साहेबाला वाटतं, द्या याला लगेच काम, होऊ दे मोकळा! रहाणेने तसं केलं नाही. पहिल्या सत्रात त्याने अश्विनला लवकर आणलं, अश्विनने वेड आणि स्मिथला घालवलं. सिराज जेवणाच्या सुट्टीपर्यंत नुसता क्षेत्ररक्षण करत राहिला. त्याच्या हाती चेंडू आला तो सुट्टीनंतर. समोरचे तीन गडी बाद झालेले, फलंदाज दबकून खेळणारे. नवख्याला यापेक्षा बरी वेळ कुठली? त्याने लाबुशेनला बाद केलं आणि झेल घेतला तोही दुसऱ्या नवख्याने, शुभमन गिलने. दुसऱ्या डावात उमेश यादव जखमी होऊन बाहेर गेला. तेव्हा मात्र सिराजवर पूर्ण भार टाकला गेला, आणि त्याने तो पेलला.

याच सामन्यात रहाणे 112 वर खेळत होता. समोर जडेजा 49 वर. अर्धशतकासाठी जडेजाने चोरटी धाव काढायला बोलावलं आणि कर्णधार धावबाद झाला. कसोटीत तो पहिल्यांदाच असा बाद होत होता. जडेजाचा चेहरा पडला. रहाणेने तिथेच त्याला धीर दिला आणि मग तंबूकडे वळला. ॲडलेडला त्याच्याच हाकेवर कोहली 74 वर धावबाद झाला होता, त्याला दोन आठवडेही झाले नव्हते. भर मैदानात सहकाऱ्यावर डाफरणारे कर्णधार आपण कमी पाहिलेले नाहीत, आणि तसले साहेब दिसायला मैदानच लागतं असंही नाही.

सिडनीत प्रेक्षकांमधल्या काहींनी सिराजला वर्णावरून शिव्या दिल्या. त्याने कर्णधाराला सांगितलं, कर्णधाराने पंचांना. मैदान सोडण्याचा पर्याय पुढे आला, तर रहाणे म्हणाला, आम्ही खेळायला आलोय, त्यांना बाहेर काढा. सहा जणांना बाहेर काढण्यात आलं.

ब्रिस्बेनला पोचेपर्यंत बुमरा, अश्विन, जडेजा, विहारी सगळे जायबंदी. दोनच कसोटी खेळलेला सिराज गोलंदाजांत अनुभवाने थोरला ठरला! दुसऱ्या डावात त्याने 73 धावांत पाच बळी घेतले. सरावात गोलंदाजी करायला ठेवलेले नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर कसोटीपटू झाले. पहिल्या डावात 6 बाद 186 अशी अवस्था असताना सुंदर आणि शार्दूल ठाकूरने 123 धावांची भागीदारी रचली. गॅबावर 1988 पासून कसोटी न हरलेला ऑस्ट्रेलिया 19 जानेवारी 2021 ला हरला. मालिकेचा करंडक रहाणेने घेतला आणि नटराजनच्या हाती दिला.

पुढच्याच मालिकेत कोहली परतला आणि रहाणे पुन्हा उपकर्णधार झाला. एकूण सहा कसोटींत त्याने नेतृत्व केलं. चार जिंकल्या, दोन अनिर्णित राहिल्या, हरला एकही नाही.

तुमच्या हाताखाली नुकतंच कुणी रुजू झालं असेल, तर त्याला पहिलं काम कुठलं द्यायचं याइतकाच, ते कधी द्यायचं याचाही विचार करा.