शब्बाथ आणि विजेचे बटण

यहुदी धर्मशास्त्रात, म्हणजे हलाखात, आठवड्याच्या सातव्या दिवसाइतका बारकाईचा विचार फार थोड्या विषयांच्या वाट्याला आला आहे. शुक्रवारी सूर्य मावळण्याच्या सुमारास सुरू होणारा आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की संपणारा हा शब्बाथ पाळावा, त्या दिवशी काम करू नये, अशी आज्ञा तोरेत, म्हणजे मोशेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाच ग्रंथांत, वारंवार येते. परंतु काम कशाला म्हणावे याचा खुलासा तोरा फारसा करीत नाही. घरात अग्नी पेटवू नये हा निर्गमाच्या 35व्या अध्यायातला निषेध आणि अशीच दोन-चार स्थळे सोडली, तर बाकीचा सारा तपशील नंतरच्या रब्बींनी, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी, अर्थ लावून उभा केलेला आहे. हा अर्थ लावताना त्यांनी जी कसोटी निवडली ती ध्यानात घेतल्याखेरीज, आजचा धर्मनिष्ठ यहुदी शनिवारी विजेचे बटण का दाबत नाही आणि आपोआप लागणाऱ्या दिव्याखाली मात्र निर्वेधपणे का वाचतो, हे उमगत नाही.

इसवी सन 200 च्या सुमारास रब्बी यहुदा हनासी यांनी संकलित केलेल्या मिश्नेत, म्हणजे मौखिक परंपरेच्या पहिल्या मोठ्या संहितेत, निषिद्ध कामांचे 39 मुख्य प्रकार नोंदलेले आहेत. वाळवंटातून जाताना इस्राएल लोकांनी जो निवासमंडप उभारला, त्याच्या बांधणीच्या सूचना आणि शब्बाथची आज्ञा तोरेत शेजारीशेजारी येतात. त्यावरून रब्बींनी असे अनुमान काढले की त्या बांधणीला ज्या क्रिया लागल्या त्याच शब्बाथला वर्ज्य होत. या यादीत पेरणी, नांगरणी, कापणी, मळणी आहे, लोकर कातरणे आणि विणणे आहे, दोन अक्षरे लिहिणे, बांधणे आणि पाडणे, अग्नी पेटवणे आणि विझवणे आहे, एखादी वस्तू पुरी करणारा हातोडीचा शेवटचा घाव आहे आणि खाजगी जागेतून सार्वजनिक जागेत वस्तू नेणेही आहे. अशा कामाला ‘मलाखा’ म्हणतात. घाम किती गाळावा लागतो याच्याशी मलाख्याचा काही संबंध नाही: घरातल्या घरात जड मेज एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सरकवणाऱ्याने मलाखा केलेला नसतो, आणि बसल्या जागी कागदावर दोन अक्षरे उमटवणाऱ्याने तो केलेला असतो. जाणूनबुजून, हेतुपूर्वक, जगात काही घडवणे किंवा मोडणे हा त्याचा गाभा आहे.

कसोटी अशी ठरल्यावर पुढचा प्रश्न ओघानेच आला, तो म्हणजे विश्रांती नेमकी कोणी घ्यायची? माणसाने, हे उघड आहे. जनावरानेही, कारण बैल आणि गाढव यांनाही विसावा मिळावा असे तोरा स्पष्ट सांगते. पण अवजारांचे काय? पहिल्या शतकातील शम्मई आणि हिल्लेल यांच्या दोन परंपरांत याच प्रश्नावर मतभेद झाला. शम्मईच्या अनुयायांच्या मते रंगात लोकर भिजत घालायची असेल तर शुक्रवारच्या दिवसाउजेडीच ती क्रिया पुरी व्हावी एवढा अवधी हवा. हिल्लेलच्या अनुयायांच्या मते माणसाने शुक्रवारी हात बाजूला घेतला की पुढे रंग आपला आपण रात्रभर मुरला तरी हरकत नाही. हलाखाने सामान्यतः हिल्लेलचा पक्ष धरला. मात्र त्याच प्रकरणात एका बाबतीत दोन्ही पक्षांचे एकमत नोंदलेले आहे: जैतुनाच्या फळांवर घाण्याचा जड ओंडका दिवस मावळण्यापूर्वी ठेवावा आणि त्याच्या दाबाने तेल शब्बाथमध्येही गळत राहावे, याला कोणाचीच ना नव्हती. विसाव्या शतकात घड्याळाच्या कळीवर चालणाऱ्या दिव्यांचा वाद उभा राहिला, तेव्हा त्याची पूर्वपीठिका या ओंडक्यापाशी होती.

तेलाच्या घाण्याचा हा दाखला मराठी वाचकाला परका वाटू नये. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपली वंशावळ सांगणारा कोकणातील बेने इस्रायल समाज पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळण्याचा धंदा करीत आला आणि शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून गावोगाव ‘शनवार तेली’ या नावाने ओळखला गेला. कोचीनच्या यहुद्यांशी संबंध येईपर्यंत मिश्ना आणि तालमूद, म्हणजे मिश्नेवरील रब्बींची विस्तृत चर्चा, यांची परंपरा या समाजापाशी नव्हती. तरीही शब्बाथ त्यांनी सोडला नाही. रब्बींच्या पद्धतीने वर्गीकरण करायचे तर फळातून किंवा बियांतून रस वा तेल पिळून काढणे हे मळणीच्या उपप्रकारात पडते, कारण दोन्हींत आतला उपयोगी भाग बाहेरच्या आवरणातून वेगळा केला जातो. कोकणातल्या शनवार तेल्याला हे वर्गीकरण ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण त्याच्या घाण्याला बैल जुंपलेला असे आणि बैल फिरल्याखेरीज लाट फिरत नसे. त्यामुळे आदल्या दिवशी ओंडका ठेवून मोकळे होण्याची जी सोय मिश्नेतल्या तेल्याला होती ती त्याला नव्हती, आणि बैलाच्या विसाव्याची आज्ञा तर खुद्द तोरेतलीच होती. ग्रंथ हाती नसताना एखादा आचार किती काळ टिकू शकतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण यहुदी इतिहासात शोधावे लागेल.

अवजाराला विसाव्याचे बंधन नाही, हा सिद्धान्त सर्वांनी मुकाट्याने मान्य केला असे मात्र नाही. आठव्या शतकापासून बगदादच्या परिसरात पुढे आलेल्या कराईट पंथाने रब्बींची मौखिक परंपरा नाकारली आणि अग्नीच्या निषेधाचा अर्थ असा लावला की शब्बाथला घरात दिवा जळताही कामा नये. त्यांच्यातील अनेकांनी शतकानुशतके शुक्रवारची रात्र अंधारात आणि थंड अन्नावर काढली. रब्बींच्या अनुयायांनी मात्र सूर्यास्तापूर्वी दिवे लावण्याचा आचार अधिकच आग्रहाने जपला. आजही पुष्कळ समाजांत सूर्यास्ताच्या 18 मिनिटे आधी आणि जेरुसलेममध्ये 40 मिनिटे आधी घरातील स्त्री हे दिवे लावते. शुक्रवारी चुलीवर चढवून शनिवारी दुपारपर्यंत मंद आचेवर राहणारा, कडधान्य आणि मांस यांचा ‘हमीन’ नावाचा पदार्थ याच विचारसरणीतला आहे. त्या गरम घासात चवीइतकाच धर्ममताचाही भाग होता, असे म्हणावेसे वाटते.

वीज आली आणि ही सारी जुनी चौकट पुन्हा तपासावी लागली. तारेचा दिवा लागतो तेव्हा काच-फुग्यातील धातूची तार तापून पांढरी होते. तेथे ज्वाला नाही, धूर नाही, काही जळून राखही होत नाही. मग हा अग्नी म्हणावा काय? बाराव्या शतकातील मैमोनिदीस याने आपल्या ‘मिश्ने तोरा’ या संहितेत, पाण्यात बुडवून कठीण करण्याच्या हेतूने लोखंड तापवणे हा अग्नी पेटवण्याचाच एक उपप्रकार असल्याचे लिहून ठेवले होते. लोहारासाठी लिहिलेले ते वाक्य दिव्याच्या तारेला लागू पडले आणि तारेच्या दिव्यापुरता प्रश्न बहुतेकांच्या दृष्टीने मिटला. पण पंखा, घंटा, ध्वनिवर्धक यांत तापून लाल होणारे काही नसते. लेम्बर्गचे रब्बी यित्झाक श्मेल्केस यांनी, कापडात मुद्दाम सुगंध भरणे रब्बींनी नवे काही ‘निर्माण’ करणे म्हणून वर्ज्य ठरवले आहे, त्याच न्यायाने तारेत प्रवाह निर्माण करणेही वर्ज्य मानावे, असे सुचवले. ब्नेई ब्राकचे रब्बी अव्राहम येशाया कारेलित्झ, जे ‘हझोन ईश’ या आपल्या ग्रंथनामानेच ओळखले जातात, त्यांनी मंडल पुरे करण्याच्या क्रियेला ‘बांधणे’ या मुख्य प्रकारात बसवले, कारण निर्जीव तारेला त्या क्रियेने कार्य प्राप्त होते. जेरुसलेमचे रब्बी श्लोमो झाल्मन औएरबाख यांनी ऐन पंचविशीत, 1935 मध्ये, केवळ विजेच्या प्रश्नावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. त्यांना हा युक्तिवाद पटला नाही. जी कळ दिवसातून वीस वेळा उघडायची आणि मिटायची म्हणूनच केलेली आहे ती दाबणे म्हणजे दार लोटण्यासारखे आहे, त्याला बांधकाम कसे म्हणावे, असा त्यांचा प्रश्न होता.

येथे एक चमत्कारिक गोष्ट घडली. औएरबाख यांनी पुढे आलेले आधार एकेक करून तपासले, जेथे तापणारी तार नाही तेथे कोणताही मलाखा सिद्ध होत नाही अशा निष्कर्षापर्यंत ते जवळजवळ येऊन पोहोचले, आणि तरीही समाजात निषेधाचा आचार रूढ झालेला असल्यामुळे तो मोडू नये असा निर्णय त्यांनी दिला. निर्णयावर सर्वांचे एकमत आणि कारणावर कोणाचेच नाही, अशी ही स्थिती आहे. एलईडी दिव्यांनी ती अधिकच ठळक केली, कारण त्यांत तापून लाल होणारी तार नसल्यामुळे मैमोनिदीसच्या लोखंडाचा आधारही सुटतो. बाहेरच्या वाचकाला हा दुबळेपणा वाटेल. परंतु ज्या शास्त्रात आचार हा स्वतःच प्रमाण मानला जातो, तेथे कारण बदलले म्हणून निर्णय लगेच कोसळत नाही, आणि विजेच्या युगात शब्बाथ ओळखू येण्याजोगा उरला तो बहुधा यामुळेच.

या विचारपद्धतीची सूक्ष्मता पाहायची तर फ्रिजच्या दारापाशी थांबावे. दार उघडताच आतला दिवा लागतो. दार उघडणाऱ्याला दिवा नको आहे, त्याला दूध हवे आहे. आणि हेतू नसलेल्या परिणामाबद्दल हलाखा सामान्यतः दोष देत नाही. मऊ जमिनीवरून बाक ओढत नेताना चर पडला तरी ती नांगरणी होत नाही, कारण चर पाडण्याचा हेतू नव्हता आणि तो पडेलच असेही नव्हते. परंतु परिणाम अटळ असेल तर हेतू नसल्याची सबब चालत नाही: मुलाला खेळायला कोंबडीची मुंडी हवी म्हणून ती कापायची आणि कोंबडी मरावी असे मनात नव्हते म्हणायचे, या तालमुदातील दाखल्यावरूनच हा नियम ओळखला जातो. दिवा लागणे अटळ असल्यामुळे तो शुक्रवारीच सैल करून ठेवावा लागतो. एवढ्याने प्रश्न संपत नाही. दार उघडल्यावर बाहेरची उष्ण हवा आत शिरते, आतील तापमान वाढते आणि थोड्या वेळाने यंत्र आपोआप सुरू होते. तेव्हा दार उघडणाऱ्याने यंत्र चालू केले असे होते काय? काहींनी यंत्र चालू असतानाच दार उघडावे असे सांगितले. औएरबाख यांनी केव्हाही उघडण्यास मोकळीक दिली, कारण येथे परिणाम उशिराने, अप्रत्यक्षपणे आणि इच्छेविना घडतो. अप्रत्यक्ष कारणाला ‘ग्रामा’ म्हणतात आणि त्याचाही उगम मिश्नेत आहे: आग पसरू नये म्हणून तिच्या वाटेत भांड्यांची भिंत रचावी, पण पाण्याने भरलेली नवी मातीची भांडी त्यात ठेवावीत की नाहीत, कारण ती फुटून आग विझेल, यावर तेथे मतभेद नोंदलेला आहे.

घड्याळाच्या कळीचा प्रश्न वरवर सोपा होता. शुक्रवारी वेळ लावून ठेवली की शनिवारी दिवे आपोआप लागतात आणि मालवतात. जैतुनाच्या घाण्याचा न्याय लावला तर हरकत घेण्यासारखे काही नाही, आणि बहुसंख्य रब्बींनी घेतलीही नाही. न्यू यॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी मात्र दिव्यांची रूढ सवलत मान्य करून इतर उपकरणांना विरोध केला. उद्या सारी यंत्रे, सारे कारखाने असेच चालू ठेवता येतील आणि शब्बाथचा मान राहणार नाही, ही त्यांची भीती होती. ही भीती नवी नव्हती. तेराव्या शतकातील स्पेनमधले भाष्यकार नाखमानिदीस यांनी लेवीय या ग्रंथावरील भाष्यात दाखवून दिले होते की 39 पैकी एकही मलाखा न करता माणूस दिवसभर धान्य मोजण्यात आणि ओझी हलवण्यात गुंतू शकतो, बाजार भरवू शकतो, आणि म्हणून यादीपलीकडे खरोखर विसावा घेण्याची स्वतंत्र आज्ञा तोरेत आहे असे मानावे लागते. पळवाट काढण्याचा आरोप यहुदी धर्मशास्त्रावर परके जितक्या सहजपणे करतात त्याहून कितीतरी काटेकोरपणे तो त्याच्या आतल्यांनी स्वतःवर केलेला आहे. तरीही यादी आणि तिच्यामागचा हेतू यांत ताण आला की रब्बी सहसा यादीच्या बाजूने राहिले, आणि हे बरेच झाले असे म्हणावे लागते. हेतूच्या नावाने मोकळीक देणारा शास्त्री हेतूच्याच नावाने जाचही करू शकतो.

एका बाबतीत मात्र यादी बिनशर्त मागे सरते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीक राजवटीविरुद्ध उठलेल्या यहुद्यांपैकी सुमारे 1,000 जण शब्बाथला शस्त्र न उचलल्यामुळे मारले गेले, तेव्हा उठावाचा पुढारी मत्तिथ्याहू आणि त्याच्या साथीदारांनी स्वसंरक्षणार्थ त्या दिवशीही लढण्याचे ठरवले, असे मॅकबींच्या पहिल्या ग्रंथात नोंदलेले आहे. पुढे मिश्नेने त्याचा व्यापक नियम केला: जीव धोक्यात असल्याची नुसती शंका आली तरी शब्बाथ बाजूला ठेवावा. मैमोनिदीसने त्यात भर घातली की अशा वेळी काम परधर्मीयावर किंवा लहान मुलावर न सोपवता विद्वानांनी स्वतः पुढे होऊन करावे, म्हणजे हे नाइलाजाचे पाप आहे असा समज कोणाचा होणार नाही. म्हणून शब्बाथला रात्री-अपरात्री धर्मनिष्ठ डॉक्टर मोटार चालवून रुग्णालयात जातो, यात कोणालाच शंका नाही. शंका आहे ती त्याच्या परतीबद्दल. रुग्ण वाचला, काम संपले. आता घरी येण्यासाठी मोटार चालवण्यात कोणाचाही जीव वाचवणे नाही, आणि इंजिनात ठिणगी पडणे हा तर खुद्द तोरेने वर्ज्य केलेला अग्नी आहे. सुटकेसाठी किंवा बाळंतपणासाठी दूर गेलेल्यांना परतीत अडकवून ठेवले तर पुढच्या वेळी ते निघायला कचरतील, म्हणून शेवटाची मोकळीक सुरुवातीसाठी द्यावी, असे जुने तत्त्व आहे. फाइनस्टाइन यांनी ते तोरेच्या निषेधापर्यंत ताणले आणि डॉक्टरला घरी परतण्यास मुभा दिली. औएरबाख यांच्या मते ते तत्त्व रब्बींनी घातलेल्या बंधनांपुरतेच लागू पडते, आणि त्यामुळे डॉक्टरने स्वतः मोटार चालवू नये, परधर्मीय चालक मिळत असेल तर त्याच्यासोबत यावे, नाहीतर शब्बाथ संपेपर्यंत रुग्णालयातच थांबावे.