फासा, ड्रॅगन आणि निवेदकाचे उत्तरदायित्व

पात्राने काय करावे हे ठरविण्याचा अधिकार लेखकाचा, हे साहित्यविचारात बहुधा गृहीतच धरले जाते. पात्र हातून निसटते असे लेखक सांगतात खरे. पण ते निसटणेही त्यांच्याच लेखणीतून घडते. हे गृहीतक तपासण्याची संधी एका खेळाने दिली आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो आणि उरलेल्या जगाचे, त्यातील ड्रॅगनचेही, निवेदन एकटा सूत्रधार करतो.

ड्रॅगन समोर आल्यावर कसा वागेल? १९८१ च्या प्राथमिक नियमपुस्तकानुसार सूत्रधार ते स्वतः ठरवू शकतो किंवा दोन फासे टाकू शकतो. बेरीज २ आली तर तत्काळ हल्ला, ३ ते ५ ला वैरभाव, ६ ते ८ ला संभ्रम, ९ ते ११ ला हल्ला टळतो आणि १२ ला उत्कट मैत्री. एकूण ३६ शक्यतांपैकी १६ संभ्रमाच्या. दोन्ही टोकांच्या वाट्याला एकेकच. पांढरा ड्रॅगन झोपलेला सापडण्याची शक्यता ५० टक्के, तांबड्याची १० टक्के. म्हणजे हे कोष्टक अंध नाही. स्वभावाविषयीची एक समजूत त्यात आधीच अनुस्यूत आहे.

तरीही आक्षेप उरतोच. कथानकातील घटना संभाव्य किंवा अनिवार्य असावी, असे ॲरिस्टॉटल सांगतो; फाशाचे दान यांपैकी काहीच नसते. परंतु ‘पोएटिक्स’च्या नवव्या प्रकरणात त्यानेच मिटिसच्या पुतळ्याचा दाखला दिला आहे. अर्गोस येथे हा पुतळा मिटिसच्या मारेकऱ्यावर कोसळला आणि तो मेला. अशा योगायोगामागे हेतू भासतो, म्हणूनच तो अधिक विस्मयकारक ठरतो. हेतूचा हा भास फासा निर्माण करीत नाही. संपत्तीच्या राशीवर पहुडलेल्या तांबड्या ड्रॅगनसाठी १२ ची बेरीज पडली, तर त्या मैत्रीचे कारण सूत्रधारालाच शोधावे लागते: एकाकीपण असेल, किंवा एखादा कुटिल बेतही. फासा घटना देतो, अर्थ देत नाही. म्हणून निवेदकाचे उत्तरदायित्व येथे संपत नाही. त्याचे केवळ स्वरूप पालटते.

खरा नैतिक पेच फासा पडल्यानंतरचा आहे. अनेक सूत्रधार आडपडद्यामागे फासे टाकतात आणि प्रसंगी आलेला आकडा गुपचूप बदलतात. कधी कथानक रंगावे म्हणून, कधी खेळाडूंच्या पात्रांचे प्राण वाचावेत म्हणून. ही करुणाच वाटते. पण तलवार न उपसता बोलणी करण्याचे धाडस ज्याने केले, त्याच्या निवडीचे मोल त्या करुणेने नाहीसे होते, कारण त्याने पत्करलेला धोका मुळात नव्हताच. सूत्रधाराने स्वतः निर्णय घेण्यात अप्रामाणिकपणा नाही. नियम तशी मुभा देतोच. अप्रामाणिकपणा सुरू होतो तो फाशाला कौल मागून, मिळालेला कौल लपविण्यात.

ड्रॅगन काल्पनिक आहे. त्याच्यावर अन्याय होऊ शकत नाही. टेबलाभोवती बसून त्याला भ्यालेली माणसे मात्र काल्पनिक नसतात.