पाणसळ फिरवून पाहावी

अंधेरीच्या गोखले पुलाची एक बाजू २०२४ च्या फेब्रुवारीत खुली झाली, तेव्हा शेजारचा बर्फीवाला पूल तिच्याहून सुमारे दीड मीटर खाली! जॅक लावून तो उचलला, तेव्हा कुठे जुलैत वाट जुळली. आपापल्या जागी दोन्ही उभेच होते, पण भेट नव्हती. आम्हां माळकऱ्यांचेही असेच नाही का? जो तो आपल्या मापाने सरळ. आम्ही तर कीर्तनात लोकांचे वाकडेपण दाखवतो. पण आमचे माप कोणी तपासले? गवंडी पाणसळीची टोके अदलून तीच जागा पुन्हा मोजतो. दोन्ही वेळा साक्ष एकच आली, तरच ती खरी मानतो. तसेच बाबांनो, दुसऱ्याला लावलेला न्याय आधी स्वतःला लावून पाहावा. फरक निघाला तर दोष मापात आहे, हे कबूल करावे.