पाहणारा पक्षी

आजचं वाचन : मुंडकोपनिषद, 3.1.1



आजचा मंत्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. एकाच झाडावर दोन पक्षी, एकमेकांचे सखे. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. आचार्यांच्या भाष्यात खाणारा म्हणजे जीव आणि पाहणारा म्हणजे ईश्वर. हा मंत्र ऋग्वेदातही आहे आणि श्वेताश्वतरातही.

मला तो वाचला की मागच्या डिसेंबरातली मांजरसुंब्याची सकाळ आठवते, आणि जरा लाज वाटते.

सुट्टीत बीडला गेलो होतो. पहाटेच कॅमेरा घेऊन मांजरसुंब्याच्या पुढे, बालाघाटच्या माळावर पोचलो. थंडी अशी की शटरवरचं बोट बधिर. नायगावचं मयूर अभयारण्य जवळच, पण थंडीत मोराचा पिसारा भरात नसतो. पावसाळा सरता सरता गळतो आणि मग हळूहळू नवा येतो. म्हटलं, मोर राहू दे. एक काळा थिरथिरा दगडावर शेपटी थरथरवत बसला होता, हिवाळ्यापुरता आलेला पाहुणा. पिसं फुगवून अगदी चेंडू झालेला. पिसांत हवा कोंडून ऊब धरतात ती. छोट्या पक्ष्याची रात्रभरात चरबी जळलेली असते, म्हणून सकाळचं खाणं त्याच्यासाठी चैन नसते.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी पुढे जे केलं ते केलं.

बोरीच्या झुडपात राखी तित्तर ओरडत होता. दिसत नव्हता. मी फोनवर तित्तराचाच कॉल लावला आणि छोट्या स्पीकरवर वाजवला. दोन मिनिटांत गडी उघड्यावर! मान ताठ, इकडून तिकडे धावतोय, दुसरा नर शोधतोय. फोटो अप्रतिम आले. मग आणखी तीन वेळा वाजवला, कारण पहिल्यांदा डोळ्यात चमक नव्हती आली.

शेळ्या घेऊन एक मामा जवळ येऊन थांबले होते.

"कुणाला हाका मारायलात?"

"तित्तराला, मामा. फोटोसाठी."

"आमच्याकडं पूर्वी पिंजऱ्यात पाळलेला तित्तर ठेवायचे. तो वरडला की रानातला भांडायला यायचा अन् फाशात गावायचा." थोडं थांबून म्हणाले, "तुम्ही धरीत नाहीत म्हणा."

टोमणा नव्हता त्यात. खरंच माझी बाजू घेतली त्यांनी. पण मला तिथेच टोचलं.

कारण मी स्वतःला कायम त्या दुसऱ्या पक्ष्याच्या जागी ठेवत आलो होतो. शिकार नाही, पिंजरा नाही, आपण फक्त बघतो. मग त्या सकाळी माझ्यासाठी एक जीव दाणे टिपायचं सोडून, शिक्र्याला सहज दिसेल अशा उघड्या जागी, नसलेल्या शत्रूशी भांडायला का धावत होता? मी खात होतो. फळ फोटोचं होतं, एवढंच.

तुम्ही म्हणाल, मंत्र आत्म्याबद्दल आहे, कॅमेऱ्याबद्दल नाही. बरोबर आहे. शिवाय उपनिषद खाणाऱ्याला पापी म्हणत नाही. पुढच्याच मंत्रात त्याचा शोक आहे आणि सख्याकडे लक्ष गेल्यावर तो शोक जातो, असं आहे. पण साक्षी म्हणजे मांसाहार न करणारा ग्राहक नव्हे, हे मला भाष्य वाचून कळलं नव्हतं, त्या मामांमुळे कळलं. पाहणाऱ्याला समोरच्याकडून काहीच नको असतं. दिसला तर दिसला, नाही तर नाही. सहाशेच्या लेन्सवर तीस हजार खर्चून झाल्यावर ते फार अवघड जातं, खरं सांगतो.

दुसऱ्या दिवशी स्पीकर घरी ठेवून गेलो. तित्तर तासभर ओरडला, बाहेर आला नाही. बोटं गारठली, मी परत आलो.

आदल्या दिवशीचा फोटो मात्र अजून लॅपटॉपवर आहे. ताईला वॉलपेपरला हवा होता, तिला पाठवलाही.