शाळा बंद होताना कोणाला विचारतात?

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने शिक्षण हक्काच्या नियमांत दुरुस्ती केली. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेवर वंचित मुलांसाठी २५ टक्के जागा राखण्याचं बंधन उरणार नव्हतं. नागपूरसारख्या शहरात अशी शाळा जवळ नसलेली वस्ती शोधावीच लागेल. म्हणजे शहरी गरिबांपुरता तो हक्क जवळजवळ संपलाच होता. प्रकरण कोर्टात गेलं. ६ मे रोजी उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, १९ जुलैला दुरुस्ती रद्द केली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. पुढच्या वर्षी पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला. एप्रिल आणि जूनचे दोन्ही आदेश सरकारला २९ जून २०२५ रोजी मागे घ्यावे लागले.

दोन्ही वेळा लोक जिंकले, याचा मला आनंद आहे. पण या दोन्ही लढ्यांत समोर तारीख-वार असलेला एक कागद होता. विरोध नेमका कशाला करायचा, ते ठाऊक होतं.

नागपूर महानगरपालिकेची (मनपाची) मराठी शाळा जाते ती अशी एका कागदाने जात नाही. आधी शिक्षक निवृत्त होतो आणि त्याची जागा भरली जात नाही. दोन इयत्ता एका वर्गात बसतात. ज्याला थोडंफार परवडतं तो बाप कर्ज काढून पोराला कॉन्व्हेंटमध्ये घालतो. पट घसरला की जवळच्या शाळेत समायोजन होतं. मधे मोठा रस्ता असेल तर लहान मुली गळतात आणि पट आणखी घसरतो. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निकषांनी या घसरणीला वेग दिला, कारण शिक्षकांची पदं पटावरच ठरतात. शेवटी शाळा बंद होते तेव्हा सांगितलं जातं की मुलंच येत नव्हती. हे विधान खोटं नाही, पण ते कारण म्हणून सांगितलं जातं आणि प्रत्यक्षात तो आधीच्या निर्णयांचा परिणाम असतो. शाळा सुधारणेची जी भाषणं होतात, त्यांवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

मनपाने २०२१ मध्ये शहरातल्या सहा विधानसभा मतदारसंघांत प्रत्येकी एक इंग्रजी शाळा काढली, आकांक्षा फाउंडेशनच्या सोबतीने. मी या शाळांना विरोध करणार नाही. उत्तर नागपुरातल्या आईला आपल्या लेकराला इंग्रजी यावं असं वाटतं, तेव्हा तिच्यामागे बाबासाहेबांपासूनचा विचार उभा असतो. मराठीच्या अभिमानापायी तिला अडवण्याचा अधिकार आपल्याला नाही. विशेषतः ज्यांची मुलं सीबीएसईत शिकतात त्यांना तर नाहीच. पण मतदारसंघागणिक एक शाळा उठून दिसते, तिचं उद्घाटन होतं. उरलेल्या शाळांतल्या रिकाम्या पदांवर कोणी भाषण करत नाही.

४ मार्च २०२२ ला मनपाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. जवळपास चार वर्षं, म्हणजे पहिलीतलं मूल पाचवीत जाईपर्यंत, शाळेबद्दल जाब विचारायला नगरसेवकच नव्हता.

मग विरोध कोणी करायचा? विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात नागपुरात शिक्षकांचे मोर्चे येतात, विनाअनुदानितांचे, जुन्या पेन्शनचे. त्यांच्या मागण्या न्याय्य आहेत. पण वस्तीतली शाळा टिकावी म्हणून तिथल्या पालकांना सोबत घेऊन शिक्षक संघटना उभ्या राहिल्या, असं फार थोड्या वेळा घडतं. पालकाला वाटतं, हे पगाराचं भांडण आहे. तो दूर राहतो आणि सरकारचं काम सोपं होतं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात यावर तरतूद आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि शाळेचा विकास आराखडा या समितीनेच करायचा आहे. बऱ्याच ठिकाणी ती सहीपुरती उरली आहे. नव्या नगरसेवकांनी सभागृहात एक ठराव आणावा: समितीच्या लेखी संमतीशिवाय एकही शाळा बंद, समायोजित किंवा हस्तांतरित होणार नाही, आणि संमती मागण्याआधी रिकामी पदं भरली जातील. आपल्या प्रभागात मनपाची शाळा असेल, तर आपलं मूल तिथे शिकत नसलं तरी हा ठराव नगरसेवकाकडे मागा.